चाचांच्या बोटीवरचा फ्रीज

फ्रीजचं दार उघडणं हे पाप आहे असं मानणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका आमचा शेजारी निघाला. वसमतमध्ये जन्मभर फ्रीजदुरुस्ती केलेले हे चाचा आमच्याकडे चहाला आले, की आधी आमच्या फ्रीजला कान लावत, मग माझी विचारपूस. बायको दूध काढायला उठली, की यांचा जीव वरखाली. "बेटी, लवकर लाव ते दार, थंडी सांडून राहिली ना!"

अशा माणसानं म्हातारपणी सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यात बोट घातली. टप बसवलेली, दोघं झोपतील एवढी. आणि तिच्यावर पहिली वस्तू कोणती? फ्रीज! आम्ही पोट धरून हसलो. पण त्यामागं चाची होत्या. त्यांना रोज इन्सुलिनची सुई लागते, औषध थंडाव्यात ठेवावं लागतं, म्हणून त्या घरचा फ्रीज सोडून कुठं मुक्कामाला जातच नसत. भाचीच्या लग्नालासुद्धा गेल्या नाहीत. चाचांना ते फार लागलं होतं. चाचींना एकदा तरी पाण्यावर मुक्कामाला न्यायचंच, असं त्यांनी मनावर घेतलं.

आधी त्यांनी घरगुती उभा फ्रीज इन्व्हर्टरसकट चढवला. बोट एका अंगाला कलली, बॅटरीनं दुपारीच मान टाकली, आणि दार उघडताच सगळी थंडी चाचांच्या पायावर! मग आला वरून झाकण असलेला, बॅटरीवर चालणारा, पेटीसारखा फ्रीज. टपावर सोलर, भोवती थर्माकोल. मागच्या जाळीवरची धूळ चाचा दाढीच्या ब्रशनं झाडत, झाकणाचं रबर लेकराच्या कानासारखं पुसत. मी थंड पाणी मागितलं तर म्हणाले, "धरण भरलंय की. तेच पी."

चाचणीला त्यांनी औषधाची एक शिशी आत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नाचतच अंगणात आले. "बर्फ जमला! कडक!" चाचींनी शिशी उजेडात धरली. औषधाचा पार दगड झाला होता.

"अहो, गोठलं की हे फेकून द्यावं लागतं! काहून एवढं थंड केलं? मी न्हाई येत."

बर्फ जमल्याशिवाय फ्रीज दुरुस्त झाला असं कधी न मानलेला हा कारागीर! बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

मग चाचा बर्फ न जमवायला शिकले. थर्मामीटर घेऊन बोटीवर बसायचे आणि बटण केसभर इकडं, केसभर तिकडं करायचे. शेवटी एक दिवस चाचींच्या हातावर शिशी ठेवली. गारेगार, आणि आत औषध पाण्यासारखं हलतंय. "चला," चाची म्हणाल्या.

मुक्काम झाल्यावर सकाळी मी त्यांना आणायला रिक्षा घेऊन काठावर गेलो. सुई बोटीवरच टोचून झाली होती. चाची उतरल्या, पाण्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"घरापासून इतक्या जवळ हाय हे. जवानीत काहून न्हाई आणलं?"

"तवा लोकांचे फ्रीज बंद पडायचे ना," चाचा हळूच म्हणाले.

मी त्यांची पिशवी रिक्षात ठेवायला गेलो, तर चाचींनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"शिशीत अजून औषध हाय," त्या म्हणाल्या, आणि परत बोटीकडं वळल्या. चाचा त्यांच्या मागं निघाले, माझ्याकडं बघायचंसुद्धा विसरले. मी रिकामी रिक्षा घेऊन घरी आलो.