आत्याचं बोलणं

मुलुंडच्या दर्शना साळवेला मालिकांचे संवाद लिहायला लागून अकरा वर्षं झाली होती. त्याआधी ती एका विमा कंपनीत होती आणि सुट्टीच्या दिवशी कथा लिहायची. एक कथासंग्रह निघाला, चार लोकांनी बरं म्हटलं, तेवढंच. मालिकेचं काम मिळालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला सांगण्यात आलं की महत्त्वाची गोष्ट तीनदा बोलली गेली पाहिजे. बघणारी बाई एकीकडे पोळ्या लाटत असते, कुकरच्या शिट्टीत एक वाक्य गेलं तर तिला पुढचं कळायला हवं. दर्शनाला हे पटलं. तिची आई तशीच टीव्ही बघायची.

घोळ झाला तो कादंबरीत. वडलांवर, अंबादास साळव्यांवर, ती सहा वर्षं लिहीत होती. जालन्याकडून मुंबईत आलेला, टेलिफोन खात्यात तारा जोडणारा, कमी बोलणारा माणूस. तीनशे दहा पानं झाली तेव्हा तिने ती पार्ल्याच्या भाऊरावांना नेऊन दिली. भाऊराव जुने प्रकाशक, वर्षाला चार-पाचच पुस्तकं काढायचे. महिन्याभराने त्यांनी बोलावून घेतलं आणि बाड परत केलं.

"साळवेबाई, तुमच्या माणसांना फार छान बोलता येतं," ते म्हणाले. "पण आपल्याला काय वाटतं ते इतकं नीट कोण सांगतं हो घरात? हे वडील बोलायला लागले की मला पुढे वाचायची गरजच उरत नाही."

"म्हणजे मालिकेसारखं झालंय."

"मी मालिका बघत नाही. तुम्हीच म्हणताय."

घरी येऊन तिने बाड कपाटात टाकलं. पुढचे काही महिने तिकडे हात लावला नाही.

मग एके दिवशी मालिकेच्या दिग्दर्शकाचा, केतनचा, फोन आला. "दर्शना, उद्या सेटवर येशील? शांताबाईंचं वाक्य राहत नाहीये. एका सीनला बावीस टेक झाले. चॅनेल म्हणतंय, आत्याला काशीला पाठवा."

शांताबाई म्हणजे मालिकेतली आत्या. वय चौऱ्याहत्तर, पन्नास वर्षं रंगभूमीवर काढलेली बाई. दर्शना सहसा सेटवर जात नसे. घरून लिहून पाठवायची. दुसऱ्या दिवशी घाटकोपरहून मेट्रो धरून वर्सोव्याला उतरली आणि धक्क्यावरून बोटीने मढला पोचली. शूटिंगच्या बंगल्यात शांताबाई मेकअपच्या खोलीत नऊवारी नेसून बसल्या होत्या, हातात दर्शनाने लिहिलेली पानं.

"तुझी वाक्यं वाईट नाहीत गं," त्या म्हणाल्या. "मघाशी पाठ होती. कॅमेऱ्यापुढे गेले की पाटी कोरी."

"ताई, किती दिवस होतंय असं?"

"दिवाळीपासून. डॉक्टरला दाखवलंय. चेतनाला माहीत आहे, माझ्या मुलीला. आता तुला." मग म्हणाल्या, "एक सांगू? शब्द जातात, पण ती बाई जात नाही. भाच्याने न सांगता लग्न केलंय, तिला लागलंय, हे मला इथे बसल्या बसल्या कळतंय. फक्त ती काय बोलते तेवढं आठवत नाही."

दर्शनाने त्यांच्या हातातली पानं घेतली. दीड पान होतं. मी तुला वाढवलं, तुझ्यासाठी काय काय सोडलं, आज मला परकं केलंस. तिने स्वतःच लिहिलेलं, चांगलं वाजणारं. ते वाचताना तिला पहिल्यांदा वाटलं, असं लागलेली बाई यातलं एक अक्षर बोलणार नाही. तिने तिथेच बसून सीन बदलला. भाचा बायकोला घेऊन येतो. आत्या दोघांना जेवायला वाढते. भाचा माफी मागत राहतो. आत्या म्हणते, "मीठ बघ." बस.

शांताबाईंनी तो एका टेकमध्ये दिला. त्यांनी सुनेच्या ताटात भात वाढला, भाच्याच्या ताटाकडे डाव आणला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. हे दर्शनाने लिहिलेलं नव्हतं. केतन 'कट' म्हणायला विसरला.

संध्याकाळी चॅनेलच्या रश्मीचा फोन. "आत्या गप्प का? ती चिडलीये की माफ केलंय? ऑडियन्सला कळलं पाहिजे ना."

"कळेल. भाचा बोलतोय, सून बोलतेय. ते तीनदा सांगतील. मला पंधरा दिवस दे," दर्शना म्हणाली. शांताबाईंच्या आजाराचं मात्र तिने रश्मीला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत टीआरपी वर गेला नाही, खालीही आला नाही. म्हणून कोणी हरकत घेतली नाही. पुढचे आठ महिने आत्या एका सीनला चार-पाच शब्दांपेक्षा जास्त बोलली नाही. ते चार शब्द शोधायला दर्शनाला आधीच्या चार पानांपेक्षा जास्त वेळ लागायचा. शेवटी शांताबाईंनीच सांगितलं की आता चार शब्दही जड जातायत. आत्या बहिणीकडे गावी गेली आणि शांताबाई बोरिवलीला चेतनाकडे.

त्याच आठवड्यात दर्शनाने कपाटातलं बाड काढलं. साहेबाने चारचौघांत अपमान केल्यावर वडील आईजवळ मन मोकळं करतात, असं एक प्रकरण होतं. तीन पानांचं भाषण. खरं तर त्या दिवशी वडील घरी आले, उद्याच्या सदऱ्याला इस्त्री केली, आणि मग न धुतलेले दोन सदरेही धुऊन टाकले. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, तिने बघितलं होतं. तिने भाषण खोडलं आणि सदरे लिहिले. असं करत करत कादंबरी एकशे नव्वद पानांवर आली.

भाऊरावांनी आठवड्यात वाचली. "छापतो. पाचशे प्रती. शेवटून दुसऱ्या प्रकरणात मात्र अजून समजावताय."

"ते राहू द्या. वडलांना नाही, मला बोलायचंय तिथे."

भाऊरावांनी ते राहू दिलं.

पुस्तक आलं तेव्हा ती दुपारी एक प्रत घेऊन बोरिवलीला गेली. चेतनाने दार उघडून हळूच सांगितलं, "आज नावं आठवत नाहीयेत तिला, रागावू नका." शांताबाई गॅलरीत खुर्चीवर होत्या. दर्शनाकडे बघून ओळखीचं हसल्या, पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केलं.

"यात माझं काम कोणतं?" त्यांनी विचारलं.

"ऐकायचं, ताई."

"संवाद नाहीत?"

"थोडेच आहेत. ते मी म्हणते."

शांताबाईंनी पदर सारखा केला आणि खुर्चीत सरळ बसल्या. दर्शनाने पहिलं प्रकरण वाचायला घेतलं.