कनातीपलीकडची पंगत

एका लग्नात मी मांडवाच्या मधोमध पडदा लावला होता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा कोणता, असं विचाराल तर हाच. लहानसहान पुष्कळ आहेत. नातवंडं ते मिटक्या मारत ऐकतात आणि मीही मीठमसाला लावून सांगते. हा मात्र मी कधी सांगत नाही. आज लिहायला बसले, कारण ज्यांना तो पक्का माहीत होता त्या जनाक्का गेल्या. महिना होत आला. फोन शालनचा होता. "वहिनी, अक्का गेली," ती म्हणाली. "सकाळी अर्धी भाकर खाल्ली, आपलं जर्मनचं ताट धुऊन पालथं घातलं, आणि आडवी झाली ती…"

जनाक्का माझ्या थोरल्या नणंद. नवरा लवकर गेला, तशा त्या माहेरी आल्या त्या कायमच्याच. सासूबाई गेल्या तेव्हा धाकटी नणंद शालन परकरात होती. तिला आई म्हणून आठवतो तो जनाक्कांचाच चेहरा. आमची कॉलनी सगळी बौद्ध घरांची. कुणी कारखान्यात, कुणी कचेरीत कारकून, कुणी शाळेत. कुणाकडेही लग्न निघालं की आधी विहार ठरायचा, मग आचारी आणि मग जनाक्का. त्या स्वतः वाढायच्या नाहीत. खांद्यावर ओला पंचा टाकून पंगतीच्या टोकाला उभ्या राहायच्या. बुंदी कमी पडतेय असं दिसलं की वाढप्याला नुसती भुवई दाखवायच्या, आणि मग मठ्ठ्याची बादली अशी झोकात फिरायची की लोक बुंदी विसरून जायचे. पिऊन आलेल्याला दंडाला धरून दोन खमक्या म्हाताऱ्यांच्या मधे बसवायच्या; तो जेवून मुकाट घरी जायचा. एकदा एक पाहुणा रुमालात लाडू बांधत होता. ह्या जवळ जाऊन म्हणाल्या, "पाव्हणं, रुमालाला तूप लागंल. कागद देऊ का?" तो माणूस पुढे कितीतरी दिवस आमच्या दारावरून सायकल हातात धरून जायचा.

त्यांचा नियम एकच होता. पंगत एक. मानाची वेगळी ओळ नाही, साहेबांसाठी वेगळं ताट नाही. तांदूळ निवडताना एकदा मला म्हणाल्या होत्या, "गावात मोठ्यांचं लगीन असलं का आमी मांडवाच्या भायेर बसायचो, उकिरड्याच्या अंगाला. समद्यांचं उरकलं का वरून पदरात टाकायचे. भात गरम असला का पदरातून मांडी भाजायची, म्हणून आमी म्हणायचो, राहू द्या, सावकाश द्या. लोकांना वाटायचं, लय सोशिक हायेत." मी गंभीरपणे मान हलवली. कॉलनीतली पहिली मॅट्रिक सून होते ना मी! लग्नकार्यात काखेत पर्स मारून हिंडायचे, पर्समध्ये असायचा एक कंगवा, एक रुमाल आणि दोन खडीसाखरेचे खडे. मला सगळं कळत होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा शालनला स्थळ आलं. आमच्यातलंच, पण वर गेलेलं. मुलगा बँकेत, वडील साहेब, नाशिकरोडला सरकारी क्वार्टर, बैठकीत सोफा. त्या सोफ्यानंच मी निम्मी गार झाले होते. उरलेलं काम विहीणबाईंनी केलं. निघताना माझ्या कानाशी लागून गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्या मंडळींना खाली बसायची सवय नाही हो. तुम्ही शिकलेल्या, म्हणून तुम्हाला सांगते." तुम्ही शिकलेल्या! एवढ्यासाठी मी तेव्हा विहिरीतसुद्धा उडी मारली असती. मारलीच म्हणा, फक्त मला वाटत होतं की आपण पोहतोय.

शाळेतून टेबलं आणली, त्यांवर पांढऱ्या चादरी टाकल्या, स्टीलची ताटं मांडली, काचेचे ग्लास ठेवले. तेवढ्यानं भागेना. माझ्या खोलीच्या पडद्यांसाठी फुलाफुलांचं जाड कापड घेतलेलं होतं, ते सबंधच्या सबंध दोरीवर ओवून मांडवात आडवं लावलं. झाली कनात. अलीकडे पत्रावळी, पलीकडे टेबलं. जनाक्कांना सांगितलं नाही. वंदना होऊन वधूवरांवर फुलं पडेपर्यंत त्या विहारातून, शालनजवळून, हलणार नाहीत, हा हिशोब माझ्या शिकलेल्या डोक्यानं अगदी बरोबर केला होता. पहिली आली ती जनाक्कांची नामपूरची मावशी. पडद्याला हात लावून बघितला आणि खणखणीत आवाजात आपल्या अहिराणीत म्हणाली, "हाई काय शे वं माय? आठे नाटक व्हई ऱ्हायनं का?" इथे नाटक चाललंय का, हे ऐकून आजूबाजूचे हसले. मीही हसले.

मग जनाक्का आल्या. हाताला फुलांच्या पाकळ्या अजून चिकटलेल्या. कनातीसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता कडाडतात. त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे कशाला, सुमन?"

"त्यांना जरा मोकळं वाटावं म्हणून, अक्का."

"कुणापासून मोकळं?"

"काढ ते," त्या म्हणाल्या. मी हात जोडले. म्हटलं, पाहुणे बसलेत, आता काढलं तर तमाशा होईल, पहिल्याच दिवशी शालनला बोल लागेल. शालनचं नाव निघालं तशा त्या थांबल्या. लग्न तर लागून गेलं होतं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, पिळला, परत टाकला. आणि पंगतीच्या टोकाला उभं राहायचं सोडून त्या दिवशी त्यांनी भाजीची बादली उचलली. मावशीच्या हातात पाण्याचा जग दिला. "चल माझ्यासंगं," म्हणाल्या, आणि दोघी कनातीआड गेल्या.

मी कडेची फट धरून बघत होते. मावशी पाणी घालायला वाकली तशी विहीणबाईंनी पदर आवरून घेतला आणि ग्लासावर तळहात ठेवला. "राहू दे. ह्या बाईंना तिकडेच वाढू द्या. इकडे कुणीतरी स्वच्छ पाठवा." आवाज तोच, गोड. मावशीच्या अंगावर नवं, घडी मोडलेलं लुगडं होतं. ती जग धरून तशीच उभी राहिली. माझी नजर विहीणबाईंवर होती; जनाक्का त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्या नवरदेवाकडे बघत होत्या. त्यानं ऐकलं होतं. त्यानं मान खाली घातली आणि पुरीचा तुकडा मोडला.

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "ही माणसं वाईट असती तर बरं झालं असतं. ही भ्यालेली हायेत. आपल्याला बघितलं का त्यांना त्यांचं गाव दिसतं. आशी माणसं घरातल्या घरात उकिरडा हुडकत्यात, सुमन. कुणाला तरी तिथं बसवावं लागतं त्यांना." गाडीत बसताना सगळे रडले, मी तर पर्समधला रुमाल काढून शिकलेल्या बाईसारखी रडले. जनाक्का रडल्या नाहीत. शालनची हनुवटी धरून एवढंच म्हणाल्या, "पहिल्या दिशी ताट समद्यांच्या शेजारी लाव. जिथं पहिल्यांदा बसशील तिथंच जन्म जाईल." मी मनात म्हटलं, निघताना काय हे अभद्र बोलणं!

शालन पहिल्या माहेरपणाला आली. जेवायला बसलो तशी ती आपलं ताट घेऊन मागच्या दाराशी गेली, भिंतीकडे तोंड करून बसली आणि भराभरा गिळायला लागली. मी म्हटलं, "अगं, इकडे ये की आमच्यात." ती दचकून उभीच राहिली, घास तोंडात तसाच. जनाक्कांचा हात ताटात थांबला तो पुन्हा हलला नाही. पुढच्या खेपेला शालनच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता. म्हणाली, तळताना तेल उडालं. तेल थेंबाथेंबानं उडतं हो… हा डाग पट्टीनं आखल्यासारखा सरळ होता. त्या दिवसांत वर्तमानपत्रात कुठे ना कुठे स्टोव्हचा भडका उडायचा, आणि तो नेमका सुनेच्याच अंगावर उडायचा. मी ती पानं घडी करून गादीखाली सारायची, जणू दडवली म्हणजे घडणार नाही. जनाक्कांना वाचता येत नव्हतं. त्या ती पानं काढून माझ्यापुढे धरायच्या. "वाच. मोठ्यानं वाच." मी वाचायची. त्या भांडी घासत ऐकायच्या आणि मधेच त्यांचे हात थांबायचे.

मग शालन यायचीच बंद झाली. निरोप धाडला की उत्तर यायचं, तिला बरं नाही. पुढच्या वेळी, तिला वेळ नाही. एका रविवारी जनाक्कांनी पायात चप्पल घातली. "चल. न सांगता जायाचं. जेवायच्या टायमाला." मी म्हटलं, जेवणाच्या वेळी कुणाच्या घरी जाणं बरं दिसत नाही. "माणूस तवाच दिसतो," त्या म्हणाल्या. आम्ही सिटी बस धरली. ओला पंचा त्यांच्या खांद्यावर होता. लग्नाला निघाल्यासारखा.

दार शालनच्या सासऱ्यांनी उघडलं. टेबलावर सगळे जेवत होते आणि शालन त्यांच्यात नव्हती. ती आत मोरीच्या कडेला उकिडवी बसली होती, पुढ्यात जर्मनचं ताट. जवळच रॉकेलचा डबा होता. तसा तो कुठल्याही घरात असायचा, आमच्याही होता. पण मला त्याच्याकडे बघवेना… आणि दुसरीकडे बघताही येईना. विहीणबाई जराही गडबडल्या नाहीत. वाटीतलं वरण भातावर ओतत मला म्हणाल्या, "आम्ही कुठे काही वेगळं केलं? कुणी कुठे बसायचं, हे तुम्हीच तर पडदा लावून दाखवलं होतंत."

जनाक्का तिथे भांडल्या असतील असं तुम्हाला वाटेल. त्या मोरीपाशी गेल्या, शालनशेजारी मांडी घालून बसल्या आणि तिच्या ताटातली भाकर मोडली. खाल्ली. मग दुसरा घास शालनच्या हातात दिला. "सावकाश खा," म्हणाल्या. "घाई नाय." टेबलावरची माणसं बसलेली, मी उभी, आणि त्या दोघी एका ताटात शेवटच्या कणापर्यंत जेवल्या. घरात फक्त त्यांच्या चावण्याचा आवाज होता. मग जनाक्कांनी ताट धुतलं, पंच्यानं पुसलं आणि काखेत मारलं. "ऊठ, शालन. चप्पल घाल."

"ह्या दारातून गेलात तर परत यायचं नाही," विहीणबाई म्हणाल्या. आता त्या आवाजात गोडवा नव्हता. जनाक्का दारात थांबल्या आणि वळून नवऱ्यामुलाकडे बघितलं, अगदी लग्नाच्या दिवशी बघितलं होतं तसंच. कितीतरी वेळ त्याला दिला. त्यानं मान खाली घातली आणि चपातीचा तुकडा मोडला.

मला त्या रागावल्या नाहीत. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. मी रोज वाट बघायची. ओरडल्या असत्या तर सुटले असते. एके दिवशी त्यांनी माझी ट्रंक उघडून ती कनात काढली आणि कात्रीनं तिच्या लांबच लांब पट्ट्या कापल्या. दुहेरी घालून शालननं त्या मशीनवर शिवल्या. त्यांची बसकरं झाली. पुढे कॉलनीत बुफे येईपर्यंत लोक प्रत्येक लग्नात माझ्या त्या फुलाफुलांच्या पडद्यावर बसून जेवले. परवा जनाक्कांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला शालननं तीच काढली. फुलं कधीच विटून गेलीत, आता नुसत्या खुणा राहिल्यात. शालन एवढी वर्षं दवाखान्यात नर्स होती, साठी उलटलीय तिची, आणि अजूनही ती दाराकडे पाठ करून जेवायला बसत नाही. सगळ्यांच्या आधी तिचं ताट रिकामं होतं. मी तिच्या शेजारी बसले होते आणि माझी नजर पुन्हा पुन्हा पंगतीच्या टोकाकडे जात होती. तिथे कुणी उभं नव्हतं.

ही बसकरं पहिल्यांदा अंथरली तो दिवस आठवतो. शेजारच्यांचं लग्न होतं. मी खांबाला टेकून उभी, पर्स काखेत घट्ट, बसायचं धाडस होईना. जनाक्का ओला पंचा सावरत आल्या, मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या, "बस. आन् मांडी आवरून बस, सुमन, शेजारी आजून माणूस बसायचं हाय."