मयताची सही जुळते

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या इमारतीच्या जागी नुसता अंदाज उभा होता. दोरीवरचे कपडे कालच्यापेक्षा आज जास्त ओले. काकूंनी ते परत पिळले, घरात खुर्च्यांच्या पाठींवर टाकले आणि काकांच्या खुर्चीवर चादर पसरली. पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या खुर्चीचा एवढा उपयोग त्याच्या हयातीत कधी झाला नव्हता.

काका जाऊन महिना होत आला होता. बाईला दोन घटका रडायला सवड मिळावी असं कुणालाच वाटत नाही, हे काकूंना एवढ्यात कळून चुकलं होतं. वीजवाल्यांना मृत्यूचा दाखला हवा, गॅसवाल्यांना हवा. टेलिफोनवाले तर दाखला हातात घेऊनही म्हणाले, "ठीक आहे, पण एकदा त्यांनाच पाठवून द्या."

आज बँकेची पाळी होती. काकांचं पेन्शन काकूंच्या नावावर करायचं होतं. थोरला फाइल काखेत मारून सकाळीच हजर झाला.

"आई, तू काही डोकं चालवू नकोस. दाखवतील तिथे अंगठा लाव. खातं मी चालवतो, मेसेज माझ्याच मोबाइलवर येतील. तुला कशाला कटकट?"

"आणि मला केरसुणी घ्यायची झाली तर?"

"मला सांगायचं. मी पाठवीन ना."

"अर्ज साध्या कागदावर चालेल का रे?"

थोरला हसला. त्याला तो विनोद वाटला. काकूंनी मात्र विनोद केला नव्हता. काकांकडे पैसे मागताना निदान भांडता तरी यायचं. मुलाशी भांडायचं तर आधी सुनेची सवड बघावी लागणार!

बँकेत काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे सरकवला. "काकू, इथे सही."

काकूंनी पेन घेतलं आणि झर्रकन सही ठोकली. मुलगी कागदाकडे बघत राहिली, मग काकूंकडे, आणि उठून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. थोड्या वेळाने दोघांनाही आत बोलावणं आलं.

मॅनेजरने नमुना सह्यांच्या जुन्या कार्डाशेजारी तो कागद ठेवला होता. "सही तंतोतंत जुळते," तो म्हणाला. "वळण तेच, खालची शेपटी तीच, शेपटीखालचे दोन ठिपकेही तेच. अडचण एकच आहे. ही मयताची सही आहे."

काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! सवयीने झाली."

"सवयीने?" थोरला ओरडलाच.

"निवृत्त झाल्यापासून त्यांचा हात थरथरायचा. लोकांना कळू द्यायचं नव्हतं. साहेब ना ते! मग चेक काय, पेन्शनचे कागद काय, सगळीकडे मीच..."

मॅनेजरने घाईघाईने उठून दार लावलं. इतक्या वर्षांच्या त्या प्रत्येक कागदावर 'सही पडताळली' असा शिक्का याच शाखेने मारला होता, बरेचसे त्याने स्वतः. "काकू, हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. हा कागद फाडतो. आता तुमची स्वतःची सही करा."

काकूंनी केली. ती कार्डाशी जुळेना. दोघांच्या नावाने खातं उघडलं तेव्हाची काकूंची सही म्हणजे शाळकरी मुलीने पाटीवर गिरवलेली गोल गोल अक्षरं. नंतर स्वतःची सही करायचा प्रसंगच कुणी येऊ दिला नव्हता.

"म्हणून म्हणत होतो, अंगठा लाव," थोरला म्हणाला. मॅनेजरनेही शाईचं पॅड पुढे केलं. जिवंत बाईपेक्षा तिचा अंगठा त्याला जास्त भरवशाचा वाटत होता.

काकूंनी पॅड मागे सारलं. "नवी सही देता येते ना?"

"येते. फॉर्म भरावा लागेल."

"द्या मग."

नव्या कार्डावर त्यांनी फक्त स्वतःचं नाव लिहिलं. नवऱ्याचं नाही, आडनाव नाही. हात सवयीने शेपटीकडे वळला, तो त्यांनी उचलून घेतला.

मॅनेजर नाराज झाला. "इतकी साधी सही कुणीही करेल, काकू."

"आणि अवघड सही इतकी वर्षं मी करत होते, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं?"

मॅनेजरने गुपचूप शिक्का मारला.

"मेसेजसाठी मोबाइल नंबर?" त्याने विचारलं. थोरल्याने तोंड उघडलं, तेवढ्यात काकूंनी आपला नंबर सांगूनही टाकला.

परतीच्या वाटेवर थोरल्याने फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. मग म्हणाला, "आई, माझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या कुणाच्या होत्या?"

"त्या त्यांच्याच. म्हणून तर मार खाल्लास."

घरी आल्यावर तो म्हणाला, "खातं चालवणं म्हणजे खेळ नाही, आई. चुकलीस तर?"

"चुकले तर बँक आहेच की, पडताळून घ्यायला," काकू म्हणाल्या. मोरीत पाणी तुंबलं होतं. त्यांनी पदर खोचला, जाळी उचकटली आणि हात कोपरापर्यंत आत घातला.