कोंबातले पाणी

१२ जानेवारी १९९६, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. किमान तापमान सात अंश, रात्रभर पाऊस. अमिरातीतल्या रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या आमच्या रोपवाटिकेत दत्तूकाका शिडीवर उभे होते आणि रबरी नळीचा हातभर तुकडा तोंडात धरून माडाच्या शेंड्यात फुंकत होते. आत साचलेले पाणी उडून त्यांच्याच चष्म्यावर येत होते. निवडुंगांच्या कुंड्या त्यांनी आधीच आडव्या करून ठेवल्या होत्या, मुळाशी पाणी थांबू नये म्हणून.

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी तीन महिन्यांपूर्वी तांत्रिक सहायक म्हणून रुजू झाले होते. दत्तूकाका गुहागरकडचे, सोळा वर्षे इथे माळी. ही पद्धत अकार्यक्षम आहे, असे मी त्यांना सुनावले. ते शिडीवरून उतरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाय, थंडीनं माड मरत नाय. थंडीत भिजून राहिला तर मरतो. आंब्याची फांदी गेली तर दुसरी फुटते. माडाचा जीव एकाच कोंबात."

माझ्या तापमापकांची ते रोज विचारपूस करीत. "यंत्रबाई काय म्हणतायत? स्वेटर घालू का?" असे विचारताना स्वेटर अंगात असेच.

महिनाअखेरीस पुन्हा पावसाचा अंदाज आला. चाळीस माडांचे शेंडे प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधावेत, असे मी ठरवले. काकांना ते पटले नाही. वाफ आतच कोंडेल; त्यापेक्षा गोणपाटाची टोपी घालू आणि खालून वारा खेळू देऊ, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना आलेख दाखवला: पिशवीत दोन अंश जास्त ऊब. त्यांनी तो कागद आदराने हातात धरला, परत दिला आणि सांगितल्याप्रमाणे गाठी मारल्या.

पाच दिवस ढग हटले नाहीत. पिशव्या सोडल्या तेव्हा मधले पान नुसते ओढताच हातात आले. बुडाला कुजका वास होता. चाळीसही झाडांची तीच गत.

"ये किसने बांधा?" व्यवस्थापकाने विचारले.

"मैंने बांधा, साब," दत्तूकाका म्हणाले.

वाक्य खरे होते. आदेश माझा होता, एवढी माहिती त्यात नव्हती, आणि शेजारी उभी असूनही मी ती पुरवली नाही. काकांचा व्हिसा रद्द करायचे तिथल्या तिथे ठरले.

बाहेर आल्यावर मी विचारले, "काका, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तू होतीस ना तिथं," ते म्हणाले. "तुला तोंड हाय."

आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता.

उरलेले चार दिवस त्यांनी त्या चाळीस झाडांना दिले. कुजलेला भाग कोरून काढला, मोरचूद आणि चुना कालवून आत ओतला. आता वरून पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, असे मला बजावले. "यातले काही उठतील, इन्शाल्ला. घाई करू नको." मग ते गेले.

नवा कोंब दिसला की पुरावा घेऊन व्यवस्थापकाकडे जायचे, सगळे सांगायचे आणि काकांना परत बोलवायचे, असे मी ठरवले. कबुलीला पुराव्याची गरज नव्हती. मी मात्र दर शुक्रवारी मोजमाप करीत राहिले. आठ आठवडे शून्य. नवव्या आठवड्यात एका माडात हिरवे टोक दिसले. एका झाडावरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून मी आणखी पाच आठवडे थांबले.

सहा झाडे उठल्यावर, मे महिन्यात, तक्ता टेबलावर ठेवून मी आदेश कोणाचा होता ते सांगितले. व्यवस्थापकाने तक्ता बाजूला सारला. मग म्हणाला, "बुलाओ उसको. वीज़ा मैं देखता हूँ."

काकांच्या गावातल्या दुकानाच्या फोनवर काकूंना बोलावून घेतले. काकांना कामावर परत बोलावले आहे, असे मी सांगितले.

"पंधरा दिस झाले," त्या म्हणाल्या. "पगार बंद झाला, तसे लोकांचे नारळ पाडायला चढायचे. वय झालेलं. हात सुटला."

पहिला कोंब दिसला त्या दिवशी ते जिवंत होते.

फोन ठेवून मी माडांकडे गेले. त्या दिवसानंतर वहीत मी काही लिहिले नाही. शेवटची नोंद सर्वांत आधी उठलेल्या माडाची आहे: कोंब ११.४ सेंटीमीटर.