चाळीस फुटांचा दोर

मी मूळची सांगलीची आणि जन्माची बडबडी. त्यामुळे कोरेगावजवळच्या माझ्या शाळेत, सातवीच्या वर्गापुढे उत्तरं सांगायचीच नाहीत असं मी ठरवलं, तेव्हा घरी सगळे पोट धरून हसले. पण फळ्यावरची उत्तरं मुलं वहीत उतरवायची आणि तिथेच सोडून घरी जायची, याचा मला वीट आला होता. आता त्यांनी करून बघायचं, भांडायचं, एकमेकांना पटवायचं. मी फक्त विचारायचं, ‘कशावरून?’

पंधरा दिवसांत गावात बोभाटा झाला. वह्या कोऱ्या! एका सकाळी शाळा समितीचे अध्यक्षच दारात उभे राहिले. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांची नात माझ्याच वर्गात.

“बाई, तुमी शिकवत न्हाई, नुसतं इचारताय म्हणं. आज बसून बघतो. न्हाई पटलं तर ह्यो वर्ग दुसऱ्या गुरुजींकडं.”

हा वर्ग मला सोडायचा नव्हता, अजिबात नाही!

त्या दिवशी क्षेत्रफळ होतं. शाळेच्या हॉलमध्ये फूट बाय फुटाच्या फरश्या आहेत. तिथे मी टोकं बांधलेला चाळीस फुटांचा दोर टाकला आणि विचारलं, या दोराने वेगवेगळ्या आकाराची रानं आखली, तर सगळी सारखीच भरतील का?

मुलांच्या आधी सुभेदारच बोलले. “दोर त्योच, मग रानबी तेवढंच. आमी जलमभर बांधानं चालून पावलांवर रान जोखतोय.”

झालं, अख्खा वर्ग माना डोलवायला लागला. सूत्र माझ्या जिभेवर नाचत होतं. मी दात आवळून गप्प बसले. तेवढ्यात त्यांची नात उठली.

“आबा, कशावरून?”

आबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “मोजून बघ जा.”

मुलं दोरावर तुटून पडली. पंधरा बाय पाच, पंच्याहत्तर फरश्या. दहा बाय दहा, शंभर! “चुकलं आसंल, परत मोजा,” आबा ओरडले. परत शंभरच. मग कुणीतरी दोर ताणून अठरा बाय दोन केला आणि फरश्या भरल्या छत्तीस! हॉल नुसता दणाणून गेला. आबा चपला काढून गुडघ्यांवर आले आणि स्वतः बोटाने मोजू लागले. छत्तीस झाल्यावर ते तसेच खाली बसून राहिले.

“हळदीचं दोन तुकडं मी पावलांनी आखल्यात,” ते हळू म्हणाले. “बांध सारखाच. वढ्याकडच्या लांबड्या तुकड्यात माल कमी निघतो म्हणून दरसाल हिच्या आईला बोलतोय, तुजं पाण्याकडं ध्यान न्हाई.”

मला त्या माऊलीसाठी वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या, खोटं कशाला सांगू!

आबांनी दोर उचलला. “बाई, आन् गोल मांडला तर?”

“करून बघा की,” मी म्हटलं.

“उद्या बगू,” ते नातीकडे वळून म्हणाले. “तुज्या आईला घिऊन येतो. तिच्याम्होरं मोजायचं.”