काळीच्या पिल्लांचं दूध तोडलं ते वर्ष

कुंडलला ओढ्याकाठी आमचं घर होतं, मागं डुकरांची खोपी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. डुकरं दिवसभर ओढ्याच्या गवतात नाहीतर ऊस तोडून नेलेल्या रानात चरायची आणि त्यांच्यामागं माझी थोरली बहीण, अक्का. डुकरांत एक काळी डुकरीण होती, ती अक्काचीच.

त्या वर्षी काळीची पिल्लं अजून अंगावर पीत होती, तोवर अक्काचं लग्न ठरलं. आमचे वडील, आबा, म्हणाले, "जायच्या आत दूध तोड त्यांचं. मागनं कोण बघणार?"

"जरा ऱ्हाऊ द्या की, आबा. ल्हान हायती लय."

आबांनी ऐकलं नाही. काळीला ओढ्यापलीकडं चुलतीच्या खोपीत कोंडलं. पिल्लं मात्र अक्कानं जागची हलू दिली नाहीत. आई गेली तर गेली, जागा तरी ओळखीची असू दे, म्हणाली. पिल्लं कुडाला नाकं लावून दिवसभर किंचाळत होती. अक्कानं कण्या पातळ शिजवल्या, बोटं बुडवून एकेकाला चाटवल्या.

सकाळी आम्ही बघतो तर काळी परत आमच्या खोपीत! तिकडचा कूड फोडून आलेली. आडवी पडली होती आणि पिल्लं लुचत होती. आबांनी काठी उचलली तशी अक्का मधे आली.

"आवं, पोटभर पिऊ द्या. मग मीच न्हेते."

आणि नेलंही तिनंच, मानेवर हात ठेवून, गप्पा मारत. येताना ओढ्यात तोंड धुतलं, तरी डोळे लालच होते.

लग्न होऊन ती शिरवळला गेली. दाजी तिथं कारखान्यात कामाला. पंचमीला तिला आणायला आबांबरोबर मीही गेले. सासू म्हणाली, "औंदा न्हाई धाडत." आबांनी दोनदा विनवलं, मग चहा संपवून उठले.

अक्कानं मला नळ दाखवायच्या निमित्तानं मागं नेलं. त्या घरात डुकरांचं नाव कुणी काढत नसे. ती हळूच म्हणाली, "पिल्लं खात्यात का गं?"

"खात्यात. मोठी झाल्यात."

"आन् काळी?"

"पलीकडंच हाय. आता न्हाई येत आपल्याकडं."

नळ तसाच वाहत होता. मग माझी सुटलेली वेणी तिनं पुन्हा घातली, घट्ट, दुखेल इतकी.

एस्टीत आबांनी मला खिडकीशी बसवलं. जाताना ठरलं होतं, येताना तिथं अक्का बसेल.