पेटीमागची जागा

मी नववीत होते तेव्हा आमच्या मंडळीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवणारे मास्तर बदली होऊन पाचोडला गेले. मला घरी शिकलेली चार-पाच गीतं वाजवता येत होती. उपासना संपल्यावर पाळकसाहेब आईला म्हणाले, "पुढच्या रविवारी मुलगी बसेल." मला कुणी विचारलं नाही. घरी आल्यावर आईने माझा पांढरा ड्रेस इस्त्रीला काढला, तेव्हा मला कळलं की ठरलं.

पुढे पाळक बदलत गेले. माझं लग्न झालं, मी पुंडलिकनगरला राहायला आले, एका शाळेत गणित शिकवू लागले. पेटी सुटली नाहीच, उलट तिच्यासोबत एकेक काम येत गेलं. आधी संडे स्कूल, मग नाताळची नाटिका, मग महिला मंडळाचं सेक्रेटरीपण. दर वेळी माणूस नवा आणि वाक्य तेच. "ताई, देवाची सेवा आहे, नाही म्हणू नका." देवाला नाही कसं म्हणायचं हे मला ठाऊक नव्हतं. सुरुवातीला त्यात आनंदही होता, खोटं कशाला बोलू? पण पुढे पुढे शनिवारचा सराव आला की नको वाटायचं, आणि ते कुणाला सांगायचीही लाज वाटायची.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आई गेली. दफनविधी चार वाजता ठरला. आताचे पाळकसाहेब वयाने माझ्यापेक्षा लहान. घरी येऊन त्यांनी प्रार्थना केली आणि मग मला व्हरांड्यात बोलावलं.

"ताई, कसं विचारू कळत नाही. पण दुसरं कुणीच नाही."

माझे मिस्टर मध्ये पडले. "राहू द्या की साहेब. नुसतं गाऊ."

"वाजवते," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं.

पहिल्या बाकावर मिस्टर, मुलगी आणि बजाजनगरहून आलेला माझा धाकटा भाऊ बसले होते. मी पलीकडे, पेटीमागे. एक हात भात्यावर, एक सुरांवर, त्यामुळे डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. दुसऱ्या गीतात भाऊ हुंदके देऊन रडू लागला. मला ते दिसत होतं, पण उठता येत नव्हतं. शेवटी लोक रांगेने आईचं दर्शन घेऊ लागले. "चालू ठेवा" अशी पाळकसाहेबांनी हाताने खूण केली. मी चालू ठेवलं. रांग संपली आणि दोघांनी पुढे होऊन शवपेटीचं झाकण लावलं. आईला मी घरी शेवटचं पाहिलंच असेल, असं त्यांना वाटलं असावं.

बाहेर पडताना एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "काय धीर आहे तुमचा! खरी सेविका."

त्यानंतर काही महिन्यांनी मी पाळकसाहेबांकडे गेले. "साहेब, सहा महिने मला मागच्या बाकावर बसू द्या. नुसतं ऐकायचंय."

"आपण यासाठी प्रार्थना करू," असं म्हणून त्यांनी तिथंच डोळे मिटले आणि देवाने मला नवं बळ द्यावं, अशी विनंती केली. मी आमेन म्हणाले.

एका रविवारी मात्र मी गेले ती सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगितला. कुणी सुरुवात करेना. पुढच्या माना एकेक करून मागे वळल्या. मी पुस्तकातच बघत राहिले. कान तापले होते. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी फार उंच सूर लावला आणि दुसऱ्या कडव्याला सगळ्यांचा आवाज फाटला. तरी गीत पूर्ण झालं. तेवढा वेळ मी आईसाठी रडले, पहिल्यांदाच.

संध्याकाळी महिला मंडळाच्या चौघी घरी आल्या. माझ्या विश्वासात थंडपणा आलाय, म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी बराच वेळ प्रार्थना केली. मी गुडघ्यावर होते. कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी उठता आलं नाही. मग मी त्यांना चहा केला. जाताना अध्यक्षबाई म्हणाल्या, "शनिवारी सरावाला येताय ना?"

"येते," मी म्हणाले.

शनिवारी मी लवकर गेले. देवळाची झाडलोट करणाऱ्या मावशी फरशी पुसत होत्या.

"ताई, त्या दिवशी तुमी मागं बसल्या, मला लई बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एक बाई तरी निवांत बसली."

"तुम्ही कुठं बसता?"

"दाराशी. कुनाला पानी लागतं, कुनाचं लेकरू रडतं. उपदेश कवाच पुरा ऐकू आला नाय."

इतकी वर्षं मी समोर बसत होते आणि त्या मला कधी दिसल्याच नव्हत्या. मी त्यांच्या हातातला पोछा घेतला. त्या "नको, नको" म्हणत राहिल्या, पण मी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं आणि उरलेली फरशी पुसू लागले. थोड्या वेळाने पाहिलं तर पदर डोक्यावर घेऊन त्यांनी डोळे मिटले होते. प्रार्थना चालली होती की झोप लागली होती, कोण जाणे.

तेवढ्यात अध्यक्षबाई आल्या. "अगंबाई, स्वच्छतेचंही बघता का? बरंच झालं! कमिटीत तुमचं नाव घालते."

"नाही," मी म्हणाले.

त्या थबकल्या. मीही थबकले. देवळात हा शब्द मी मोठ्याने कधी उच्चारला नव्हता.

"बरं," त्या म्हणाल्या, "पहिलं गीत कोणतं घ्यायचं?"

त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. मी ओले हात पुसले आणि पेटीकडे गेले. बाकीच्या बायका बोलत बोलत आत येत होत्या. मावशी अजून तशाच बसलेल्या. "हळू बोला," मी बायकांना म्हणाले, "त्यांना उठवू नका."